सोफा कुठे ठेवायचा

"अग्नी, चाक आणि विश्वकर्मा," विक्रमादित्य हुपरीकर म्हणाले, "मानवजातीच्या प्रवासात एवढे तीनच टप्पे. बाकी सगळी मधली स्टेशनं." एवढं बोलून ते टाळ्यांची वाट पाहत खुर्चीत मागे रेलले, तोच खुर्चीचं एक चाक निखळलं आणि टेबलाखालून घरंगळत दारापर्यंत गेलं. शिपायाने ते उचलून खिशात घातलं. मालक तिरके बसून राहिले आणि पुढचं सगळं भाषण त्यांनी मानवजातीकडे जरा डावीकडे कलून केलं.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. मी तेव्हा सरकारी दारूगोळा कारखान्यातून निवृत्त होऊन घरी बसलो होतो आणि बायकोला स्वयंपाकात सुधारणा सुचवत होतो. माझ्या नोकरीचा अर्ज तिनेच भरला. कोल्हापूरच्या बाहेर हुपरीकरांचा ओतकामाचा जुना कारखाना होता. थोरले मालक विहिरीवरचे पंप करत. पाणी खालून वर यायचं, लोकांचं तेवढ्यात भागायचं. धाकटे मालक विक्रमादित्य परदेशात शिकून आले ते आणखी वर जायचं ठरवूनच. त्यांनी पंपांच्या शेडला लागून एक काचेची इमारत बांधली आणि तिच्यात रॉकेटं करायला घेतली. गारपिटीच्या ढगात जाऊन औषध सोडणारी छोटी रॉकेटं. त्या औषधाने गारा कमी होतात की नाही यावर जाणकारांचं एकमत नव्हतं. पण ज्याची द्राक्षबाग गारांनी आडवी केलीय तो माणूस जाणकारांच्या एकमताची वाट पाहत नाही, त्यामुळे गिऱ्हाईक तयार होतं.

रॉकेटची दारू हाताळायची तर एक सुरक्षा अधिकारी ठेवावा लागतो, म्हणून मला ठेवलं होतं. काम सोपं होतं. चाचणीआधी लाल झेंडा दाखवायचा, सगळं ठीकठाक असलं की हिरवा. मधल्या वेळात वर्तमानपत्र.

आमच्याकडे एक रीत होती, ती सांगायला हवी. जगात सगळीकडे नारळ आधी फोडतात आणि काम नंतर सुरू करतात. आमच्या पहिल्या चाचणीलाही नारळ आधीच फोडला होता. प्रसाद वाटला आणि लोकांच्या तोंडात खोबरं असतानाच रॉकेटची नळी फाटली. पेपरात फोटो आला, त्यात मालकांचा एक गाल फुगलेला होता. ती चाचणी वहीतून खोडली आणि तेव्हापासून नियम झाला की आधी चाचणी आणि मग नारळ. नळी टिकली तर नारळ फोडायचा आणि ती चाचणी धरायची. नळी फाटली तर ती चाचणी नव्हतीच, रंगीत तालीम होती. मग नारळ परत कपाटात. झेंडे आणि नारळ एकाच कपाटात असत, म्हणजे माझ्या ताब्यात. मी रुजू झालो तेव्हा कपाटात जो नारळ होता तो इतक्या तालमी पाहून आला होता की हलवला तर आत गोटा खुळखुळायचा.

तर विश्वकर्मा. हे एक संगणकातलं प्रकरण होतं आणि ते निनाद वर्तक नावाच्या सल्लागाराने हिंजवडीहून आणलं होतं. निनाद तिशीचा, गोरा, सदा ताजा दिसणारा माणूस. कुठलाही प्रश्न विचारला की आधी "सुंदर प्रश्न" म्हणायचा आणि मग दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर द्यायचा. त्याने समजावलं ते असं. रॉकेटचा आराखडा म्हणजे नळी किती जाड, दारू कशी भरायची, मागचं तोंड केवढं, अशा शंभर गोष्टींचा मेळ. एक आराखडा नीट तपासायचा तर आमच्या चाचणी विभागाच्या केतकी मगदूमच्या संगणकाला रात्रभर घरघरावं लागे. विश्वकर्म्याला मात्र आमच्या जुन्या चाचण्यांची सगळी माहिती पाजलेली. तिच्यावरून तो अंदाज बांधायला शिकला होता. त्यामुळे चहा निवायच्या आत तो हजारो आराखडे चाळून त्यातला उत्तम तेवढा काढून देई.

त्याने उत्तम काढून दिला तो आराखडा केतकीने पाहिला आणि ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. केतकी जयसिंगपूरची, बोलायला थोडी, आणि चुकीचं काही दिसलं की तिच्या कपाळावर एक उभी रेघ उमटायची. तेव्हा ती उमटली होती.

"पोतनीसकाका, नळी निम्म्याने पातळ केलीय त्याने."

मी म्हटलं, हलकी असेल तर उंच जाईल.

"जाईल ना. तुकड्यातुकड्यांनी जाईल."

तिने स्वतःचं गणित रात्रभर चालवलं होतं. नळी फाटणार, असं ते सांगत होतं. निदान नळीत पाणी भरून दाब देऊन बघूया, असं तिने मालकांना सुचवलं, तर ते म्हणाले की त्याला आठवडा लागेल आणि कार्यक्रम परवावर आलाय. कार्यक्रम म्हणजे द्राक्ष बागायतदारांच्या संघाच्या अध्यक्षा आक्काताई खराडे आणि त्यांची कमिटी रॉकेटची चाचणी बघायला येणार होती. त्यांना पसंत पडलं असतं तर तासगावपासून पार खानापूरपर्यंतच्या बागांवर आमची रॉकेटं उडणार होती.

पण केतकीचा खरा जीव अडकला होता तो सोफ्यात.

आम्ही चाचण्या एका बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत घ्यायचो. एका टोकाला काँक्रीटचा ओटा, त्यावर रॉकेट आडवं जखडायचं आणि पेटवायचं. पार दुसऱ्या टोकाला बंकर, म्हणजे जाड भिंतींची एक खोली. तिला जाड काचेची एक फट होती, तिच्यातून बघायचं. बंकरमध्ये पंखा नव्हता, आणि बायका-माणसं एकमेकांच्या खांद्यावरून बघत म्हणून मालकांना ते दृश्य गरिबीचं वाटायचं. या खेपेला त्यांनी मंडपवाल्याकडून लाल मखमलीचा सोफा मागवला होता. पाठीवर पांढरे टर्किश टॉवेल घातलेला. तो त्यांनी ओट्यापासून इतक्या जवळ ठेवायला सांगितला की लग्नात व्याह्यांना बसवतात तसे पाहुणे रॉकेटच्या समोरासमोर आले असते.

मीटिंग झाली. मालकांची खुर्ची तोवर बदलली होती.

केतकीने सांगितलं की सोफा तिथे ठेवता येणार नाही, पाहुणे बंकरमध्येच बसतील.

"नळी फाटायची शक्यता किती?" मालकांनी निनादला विचारलं.

"सुंदर प्रश्न. विश्वकर्म्याच्या मते शून्य."

"शून्याच्या आसपास?"

"शून्य, सर."

मालक केतकीकडे वळले. "तुमचं गणित यायला वेळ किती लागला?"

"एक रात्र."

"आणि याचं?"

"एंटर दाबला तेवढा," निनाद म्हणाला.

मालकांनी दोन्ही हात पसरले, म्हणजे निकाल लागला. ज्याला उत्तर द्यायला वेळ लागतो त्याला उत्तर येत नसतं, हा धडा त्यांनी शाळेत बहुधा स्वतःवरूनच घेतला होता. मी म्हणालो की मी हिरवा झेंडा दाखवणार नाही. ते माझ्याकडे फार प्रेमाने पाहत म्हणाले की पोतनीस, झेंडा हलवायला वॉचमनही चालेल, त्याचे हात तुमच्यापेक्षा लांब आहेत. मग केतकीला त्यांनी सांगितलं की सोफा पुढेच राहील आणि तिला ते पटत नसेल तर पंपांच्या विभागात जागा आहे.

मीटिंगनंतर केतकी निनादच्या टेबलाशी गेली. मीही गेलो, कारण त्याच्याकडे बिस्किटं चांगली असत. तिने विचारलं की मी काही आकडे घालून बघू का. तो म्हणाला, अवश्य. तिने नळीची जाडी आणखी कमी केली. विश्वकर्मा म्हणाला, यशस्वी. मग तिने जेवणाच्या डब्याच्या पत्र्याइतकी केली. यशस्वी, आणि उंची वाढली. तिने वहीच्या पुठ्ठ्याइतकी केली. यशस्वीच, आणि उंची अशी की रॉकेट ढग ओलांडून पुढे निघून गेलं असतं.

"आता?" ती म्हणाली.

"हे त्याच्या अनुभवाच्या बाहेरचं आहे, मॅडम."

"मग त्यानं तसं सांगायला नको?"

"तसं सांगायला आपण त्याला शिकवलेलं नाही."

"त्याला फाटणं माहीत तरी आहे का?"

"सुंदर प्रश्न," निनाद म्हणाला आणि विश्वकर्म्याच्या वेगाबद्दल बोलू लागला.

मी सरकारी नोकरीत अशा पुष्कळ अधिकाऱ्यांखाली काम केलंय ज्यांना नाही म्हणता यायचं नाही. पण ते निदान कागद खालच्या टेबलाकडे ढकलत. हा थेट ढगाकडे पाठवत होता. मी दोन बिस्किटं घेतली आणि विचारात पडलो. केतकीला वाद घालून सोफा हलवता येणार नव्हता, कारण मुद्दा तिच्याकडे होता आणि माइक मालकांकडे. माइक मात्र कार्यक्रमाच्या दिवशी माझ्याकडे येणार होता. सूत्रसंचालन माझ्यावर होतं. सरकारी माणसाचं मराठी शुद्ध असतं, असा मालकांचा समज होता.

कार्यक्रमाच्या दिवशी खाणीत मंडप, तोरणं आणि मधोमध तो सोफा. आक्काताई आल्या. साठीच्या, उंच, कपाळावर ठसठशीत कुंकू, खांद्यावरून पदर घट्ट ओढलेला. बरोबर कमिटीचे चार-पाच जण. त्यातल्या प्रत्येकाला सोफ्यावर बसायचं होतं आणि तसं दाखवायचं नव्हतं. आक्काताई सोफ्याच्या एका टोकाला टेकल्या आणि रॉकेटकडे नव्या सुनेकडे बघावं तशा बघू लागल्या. केतकी हेल्मेट घालून ओट्याजवळ उभी होती. कपाळ हेल्मेटखाली गेलं होतं, पण रेघ आत असणारच. तिने मालकांना जाऊन एकदा हळूच सोफ्याचं विचारलं. मालकांनी हसतमुखाने पंपांच्या शेडकडे बोट दाखवलं.

मालकांचं भाषण झालं. अग्नी, चाक, विश्वकर्मा. मग मी माइक घेतला. मी म्हणालो की आजच्या चाचणीचा खरा मानकरी अजून उभाच आहे आणि ही आपल्या संस्कृतीला शोभणारी गोष्ट नव्हे. ज्यांनी विश्वकर्म्याला घडवलं, ते श्रीयुत निनाद वर्तक, यांनी कृपया सोफ्यावर मधल्या जागी, आक्काताईंच्या शेजारी स्थानापन्न व्हावं. टाळ्या.

निनाद बंकरच्या दारात लॅपटॉप घेऊन उभा होता. त्याने हात जोडले आणि नम्रपणे मान हलवली. मी म्हणालो, नम्रता हा थोरांचा दागिना आहे, तरी यावं. पुन्हा टाळ्या. तो म्हणाला की त्याला आतून आकडे बघायचेत. मी म्हणालो की लॅपटॉप मांडीवर चालतो. तो म्हणाला, वायर पुरणार नाही. मी म्हणालो की मंडपवाल्याकडे लांब वायर आहे, मी कालच विचारून ठेवलंय. मंडपवाल्याने वायरीचं भेंडोळं वर करून दाखवलं. मग निनाद म्हणाला की त्याला धुराची अ‍ॅलर्जी आहे.

आक्काताईंनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"तुमीच बनवलंय न्हवं ते?"

"हो."

"फुटत न्हाई म्हनतंय न्हवं?"

"शक्यता शून्य आहे, मॅडम."

"मग बसा की."

निनादने मालकांकडे पाहिलं. मालकांनी ओट्याकडे पाहिलं. "माझं काम आत आहे," निनाद म्हणाला.

आक्काताई उठल्या. टॉवेल सरळ केला. "मग माजंबी आतच हाय," म्हणाल्या आणि पदर सावरून बंकरकडे चालू लागल्या. सगळी कमिटी मागोमाग निघाली. सोफा न मिळालेले दोघे सगळ्यांच्या पुढे होते.

मालक एकटे सोफ्यावर राहिले. पाय पसरून, दोन्ही हात पाठीवर टाकून, सबंध लाल मखमल व्यापून ते बसले होते. श्रद्धा कशी असते हे जगाला दाखवायचं तर तीच वेळ होती. मी बंकरच्या दारात उभा राहून झेंड्याला हात घातला. तेवढ्यात त्यांना फोन आला. फोन वाजल्याचं आमच्यापैकी कुणी ऐकलं नाही. कानाला फोन लावून, "हां, बोला, बोला" करत ते झपाझप बंकरमध्ये आले आणि दार त्यांनी स्वतः लावून घेतलं. मी हिरवा झेंडा फटीच्या काचेशी धरला. कमिटीबरोबर आत आलेल्या केतकीने बटण दाबलं.

रॉकेटने जोरात सुरुवात केली. ज्वाला सरळ, आवाज दमदार. निनाद लॅपटॉपवरून मान वर करून हसला. हसू पुरं व्हायच्या आत खाणीचा सगळा उजेड एकदम पांढरा झाला, आणि मग भिंतीला जो दणका बसला त्याने छताची पोपडी माझ्या डोक्यावर पडली. बाहेर बराच वेळ कसलं कसलं पडत असल्याचे आवाज येत राहिले. मोठ्या वस्तू आधी, बारीक मागून, आणि शेवटी झांजेसारखी नादत एखादी चकती.

धूर बसल्यावर आम्ही बाहेर आलो. ओटा होता, रॉकेट नव्हतं. मंडपाचं कापड एका कडेला जळत होतं, त्यावर मंडपवाल्याने बादली ओतली. नळीचा हातभर तुकडा सोफ्याच्या मधल्या जागेतून आरपार जाऊन मागे जमिनीत रुतला होता. मखमलीला पडलेलं भोक इतकं गोल होतं की शिंप्याने कापलंय असं वाटावं. मालक त्याच्याकडे पाहत राहिले. निनादही पाहत होता, पण जरा मागून.

मग मालकांनी घसा साफ केला.

"मित्रहो," ते म्हणाले, "ही रंगीत तालीम होती."

कमिटीतल्या एकाने सवयीने टाळी वाजवली आणि एकटाच पडल्यावर हात पुसून घेतले.

केतकीने हेल्मेट काढलं. ती निनादकडे गेली आणि म्हणाली की आता ही नोंद घाला, विश्वकर्म्याला कळू दे. निनाद लॅपटॉप बंद करत होता.

"तालमीचा डेटा आपण घेत नाही, मॅडम."

"म्हणजे?"

"सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. नारळ फुटलेल्या चाचण्या तेवढ्या द्यायच्या."

माझ्या हातात तो नारळ होता, चाचणी झाली की फोडायला म्हणून मी आणलेला. मी तो नकळत हलवला आणि आतला गोटा खुळखुळला.

"या खाणीत फुटलेल्या रॉकेटांपैकी एकही त्याला माहीत नाही?" तिने विचारलं.

"त्याच्या माहितीप्रमाणे," निनाद म्हणाला, "आजवर एकही फुटलेलं नाही."

त्याच्या आवाजात किंचित अभिमान होता. आणि तसं पाहिलं तर विश्वकर्म्याने एकही चूक केली नव्हती. मालकांच्या कंपनीत राहून जे शिकता येतं तेवढंच तो शिकला होता. फरक एवढाच की मालकांना ते शिकायला पंधरा वर्षं आणि परदेश लागला होता.

केतकी मालकांसमोर जाऊन उभी राहिली. फार मोठ्याने बोलली नाही, पण खाणीत आवाज फिरतो.

"सर, ही धरा. नळी फाटली असं लिहा आणि त्याला शिकवा. आधीच्याही सगळ्या द्या. मग तो चांगला आहे, माझ्यापेक्षा चांगला आहे. रात्रीचं काम खरंच एका चहात करेल."

मालकांनी तिला शांतपणे ऐकून घेतलं. मग ते म्हणाले की मगदूम, सोफ्यावरून तुम्ही आधीपासून गोंधळ घातलात, पाहुण्यांना मोकळ्यावर बसून बघायला मिळालं नाही, त्यामुळे वातावरणनिर्मिती झाली नाही. तालमीला एवढं महत्त्व द्यायचं असेल तर तुम्ही पंपांत जा.

"जाते," केतकी म्हणाली. "तिथं पंप फुटला तर फुटला म्हणतात."

तिने हेल्मेट सोफ्यावर ठेवलं, भोकाच्या बरोबर वर, आणि खाणीच्या रस्त्याने निघाली. मी तिच्या मागे निघणार होतो, पण झेंडे आणि नारळ कपाटात ठेवल्याशिवाय मला जागा सोडता येत नव्हती. सरकारी सवय.

आता सगळे आक्काताईंकडे पाहू लागले. ऑर्डर त्यांच्या हातात होती. त्या सोफ्याला एक वळसा घालून आल्या. भोकात बोट घालून पाहिलं. जमिनीत रुतलेल्या तुकड्याला चपलेने ढोसलं. मग ज्या टोकाला त्या बसल्या होत्या तिथून भोकापर्यंतचं अंतर त्यांनी नजरेने मोजलं आणि लांबवर चाललेल्या केतकीकडे पाहिलं. मालक हात जोडून उभे. निनादने लॅपटॉप पुन्हा उघडला, न जाणो सुंदर प्रश्न आला तर.

आक्काताईंनी मालकांना खुणेने बाजूला बोलावलं. मालक कमरेत वाकून कान पुढे करून गेले. मीही हातातल्या नारळासकट जवळ सरकलो. आक्काताई बराच वेळ माझ्या हाताकडे बघत होत्या.

"तो नारळ," त्या म्हणाल्या, "आता फोडनार न्हाई न्हवं तुमी?"

मालक म्हणाले की नाही, रीत आहे, तालमीला फोडत नाहीत.

"न्हाई, वाजतोय म्हनून इचारलं. आत गोटा झाला असंल. घरी चटनी कांडायचीय आनि खोबरं संपलंय." त्यांनी हात पुढे केला. "द्या की. आनि येखादी पिशवी असली तर बगा."